आत्मसन्मान, अभ्यासाची ओढ आणि परीक्षेतले गुण: पालक आणि विद्यार्थी वारंवार विचारतात ते प्रश्न

गोव्यातल्या पाचवी ते बारावीच्या मुलांचे पालक, शिक्षक आणि कधीकधी मुले स्वतःच हे प्रश्न विचारतात. उत्तरे सलग वाचायची गरज नाही. आपल्या घरात जे चालले आहे त्याला लागू पडणारा प्रश्न आधी वाचावा.

मुलाचा आत्मसन्मान वाढवला की गुण आपोआप वाढतात का?

नाही. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ साली नेमक्या याच समजुतीवर एक सरकारी कार्यदल नेमले होते. माणसाला स्वतःबद्दल चांगले वाटू लागले की नापासी, व्यसने, गुन्हे सगळेच कमी होईल, अशी अपेक्षा होती. मग तिथल्या शाळांमधून ‘मी खास आहे’ छापाचे कार्यक्रम बोकाळले. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर झालेले संशोधन एकत्र करून तपासले. आत्मसन्मान आणि गुण यांचे नाते आहे, पण ते किरकोळ आहे आणि बरेचसे उलट दिशेचे आहे, असे त्यांना आढळले. गुण चांगले पडले म्हणून मुलाला स्वतःबद्दल बरे वाटते, हा भाग मोठा. बरे वाटले म्हणून गुण पडले, हा भाग फारच लहान.

आकड्यांत सांगायचे तर हॅन्सफर्ड आणि हॅटी यांनी १९८२ मध्ये अनेक अभ्यासांची गोळाबेरीज केली. त्यात स्वतःबद्दलचे मत आणि शैक्षणिक कामगिरी यांचा सरासरी सहसंबंध ०.२१ निघाला (० म्हणजे काहीच नाते नाही, १ म्हणजे पूर्ण). म्हणजे मुलामुलांच्या गुणांत जो फरक पडतो, त्यातला जेमतेम चार टक्के भाग याच्याशी जोडता येतो.

नुसता आत्मसन्मान फुगवण्याचा तोटाही होऊ शकतो. डॉनल्सन फोर्सिथ यांच्या गटाने २००७ मध्ये छापलेल्या प्रयोगात कॉलेजातल्या कमी ग्रेडच्या विद्यार्थ्यांना सराव-प्रश्नांसोबत आत्मसन्मान सांभाळण्याचे संदेश ईमेलने पाठवले. अंतिम परीक्षेत त्यांची कामगिरी सुधारली तर नाहीच, उलट घसरली. कारण समजण्यासारखे आहे. ‘गुण कसेही असोत, तू छानच आहेस’ हे पटले की पुस्तक उघडायचे एक कारण कमी होते.

मग आत्मविश्वासाचा काही उपयोगच नाही का?

आहे, पण तो विषयापुरता आणि कामापुरता असावा लागतो. ‘मी चांगला माणूस आहे’ ही एक भावना आणि ‘दोन चलांची समीकरणे मला सुटतात’ हा वेगळाच विश्वास. गुणांशी घट्ट नाते आहे ते दुसऱ्याचे. हॅन्सफर्ड-हॅटी यांच्याच पाहणीत स्वतःच्या अभ्यासातल्या कुवतीबद्दलचे मत तेवढे वेगळे काढले तेव्हा सहसंबंध ०.४२ पर्यंत गेला. पुढे २००४ मध्ये व्हॅलेंटाइन, ड्युबॉइस आणि कूपर यांनी आधीचे गुण हिशेबात धरून हेच पुन्हा मोजले. परिणाम उरला, पण लहान. मत जितके त्या विषयापुरते होते, तितका तो अधिक दिसला.

हा कामापुरता विश्वास येतो कुठून, याचे उत्तर आल्बर्ट बांदुरा यांनी १९७७ मध्ये दिले आणि ते आजही टिकून आहे. त्याचे चार उगम आहेत: स्वतः काम करून दाखवणे, आपल्यासारख्याच कुणाला ते जमताना पाहणे, दुसऱ्याने दिलेला धीर, आणि त्या वेळची शरीराची स्थिती, म्हणजे धडधड, घाम, थकवा. यांत पहिला सर्वांत बळकट. आपल्या घरांत मात्र सगळा जोर तिसऱ्यावर असतो. ‘तुला जमेल रे, घाबरू नको’ हे शंभरदा म्हणण्यापेक्षा मुलाने एक उदाहरण स्वतः, कुणाची मदत न घेता सोडवणे जास्त काम करते.

मुलाचा विश्वास नेमका कुठे ढळला आहे, हे घरी कसे ओळखावे?

एका विषयातली पाच उदाहरणे निवडा, सोप्याकडून कठीणाकडे. सोडवण्याआधी प्रत्येकापुढे मुलाला आकडा लिहायला सांगा: ‘हे मला सुटेल याची खात्री ० ते १०० पैकी किती?’ मग सोडवायला द्या आणि आकडे उत्तरांशी ताडून पाहा.

खात्री ३० लिहिली आणि उत्तर बरोबर आले, तर मुलाला येते पण स्वतःला येते हे त्याला माहीत नाही. अशा मुलाला नवे काही शिकवू नका, त्याच पातळीचा सराव द्या. खात्री ९० आणि उत्तर चूक, हे दुखणे वेगळे. वाचताना ओळखीचे वाटते म्हणून येते असे वाटते. त्याला धीर नको, पुस्तक मिटून चाचणी हवी. खात्री कमी आणि उत्तरही चूक असेल तर मुलाचा अंदाज खरा आहे, आणि खऱ्या अंदाजाला ‘न्यूनगंड’ म्हणणे अन्यायाचे आहे. तिथे पाया शिकवावा लागतो.

मुलगी आठवीत आहे, गणितात तीन युनिट टेस्टमध्ये नापास झाली. सुरुवात कुठून करायची?

टेस्टचे तपासलेले पेपर घेऊन बसा. ‘किती मिळाले’ याकडे सध्या दुर्लक्ष करा. प्रत्येक गेलेल्या गुणापुढे चारपैकी एक खूण करा:

१. पद्धतच माहीत नव्हती.
२. पद्धत माहीत होती, मध्ये चूक झाली.
३. वेळ संपला किंवा प्रश्न सोडूनच दिला.
४. प्रश्न काय विचारतो आहे तेच कळले नाही.

‘गणित कच्चे’ हे निदान नव्हे. गेलेल्या गुणांची विभागणी हे निदान. आठवीच्या मुलांत पहिल्या-दुसऱ्या खुणांमागे बहुधा आठवीचा धडा नसतोच. सहावी-सातवीतल्या तीन गोष्टी असतात: अपूर्णांक, ऋण संख्यांची वजाबाकी आणि कंसाबाहेरचे वजा चिन्ह. −(३क्ष − ५) चे −३क्ष − ५ करणारी मुलगी पुढची प्रत्येक पायरी बरोबर करूनही उत्तर चुकवते. दहादा असे झाले की ‘मला गणित येतच नाही’ हे तिने स्वतःच ठरवून टाकलेले असते.

यांतली एकच गोष्ट निवडा आणि त्यावर चार आठवडे द्या. आठवड्यातून पाच दिवस, रोज २५ मिनिटे. एका बैठकीत आठ उदाहरणे पुरेत: सहा अशी की नक्की सुटतील, दोन किंचित पुढची. पाचांपैकी निदान चार सुटत नसतील तर तुम्ही पातळी चुकीची धरली आहे. एक इयत्ता मागे जा. त्यात कमीपणा नाही आणि ते वर्गात कुणाला सांगायचीही गरज नाही.

चूक खोडू द्यायची नाही. चुकलेली ओळ तशीच ठेवून शेजारी दुसऱ्या रंगाने बरोबर ओळ लिहायची. दर शनिवारी मागच्या चार दिवसांतली सहा उदाहरणे, वही मिटून, घड्याळ लावून. या शनिवारच्या कागदांवर तारीख घाला आणि जपून ठेवा. चौथ्या आठवड्यात पहिला आणि चौथा कागद शेजारी ठेवला की बोलायला फारसे काही उरत नाही.

कुठे बिघडते? तिसऱ्या-चौथ्या दिवशी पालकांचा धीर सुटतो आणि ते ‘आता सध्याचा धडा पण घेऊ’ म्हणतात. २५ मिनिटांची बैठक दीड तासाची होते, सुटणारी उदाहरणे आठापैकी तीन होतात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत पहिला यायचा. पाचवीत हायस्कूलला गेल्यापासून गप्प झाला, गुणही घसरले. हुशारी कुठे गेली?

कुठेही गेली नाही. गोव्यातल्या सरकारी प्राथमिक शाळा बहुतांश मराठी माध्यमाच्या आहेत आणि पाचवीपासूनचे हायस्कूल बहुतेक ठिकाणी इंग्रजी माध्यमाचे. घरी कोकणी, चार वर्षे मराठी, मग एकदम सगळे इंग्रजी. ज्याला अंश आणि छेद पक्के येत होते, तो ‘न्युमरेटर’ ऐकून हात वर करत नाही. लसावि काढणाऱ्याला ‘एलसीएम’ म्हणजे तेच हे कुणी सांगितलेले नसते. दहा वर्षांच्या मुलाला ‘माझी भाषा बदलली’ असे विश्लेषण करता येत नाही. तो निष्कर्ष काढतो, ‘मी ढ झालो.’

आधी खात्री करून घ्या. चुकलेला प्रश्न मराठीत किंवा कोकणीत तोंडी विचारा. उत्तर आले तर अडचण विषयाची नाही, भाषेची आहे, आणि मुलाला हे त्याच क्षणी, स्पष्ट शब्दांत सांगा. ‘तुला येते आहे, शब्द नवे आहेत’ या वाक्याला इथे पुरावा आहे, म्हणून ते लागू पडते.

मग शब्दांचे काम. एक वही, दोन रकाने: डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी किंवा कोकणी. रोज पाच शब्द, उद्याच्या धड्यातले. वर्गात शब्द पहिल्यांदा कानावर पडण्याआधी तो ओळखीचा झाला पाहिजे. धडा झाल्यावर केलेली यादी निम्मीच उपयोगी. सर्वांत आधी प्रश्नातली क्रियापदे घ्या: डिफाइन, एक्सप्लेन, गिव्ह रीझन्स, डिस्टिंग्विश बिटवीन, फाइंड, स्टेट. ही वीसेक क्रियापदे आणि त्यांना काय उत्तर अपेक्षित असते हे कळले की सोडून दिलेल्या प्रश्नांची संख्या लगेच कमी होते.

उत्तर लिहिताना क्रमही महत्त्वाचा: आधी आपल्या भाषेत तोंडी, मग इंग्रजीत तोडकेमोडके तोंडी, मग वहीत. थेट इंग्रजीत लिहायला बसवले की मूल गाइड पाठ करते. पाठांतराने पाचवी-सहावी निभावते, आठवीत ते कोसळते.

वर्गशिक्षकांना भेटून एवढेच सांगा की मूल मराठी माध्यमातून आले आहे, पहिले सहामाही सत्र त्याला तोंडी उत्तर मिसळत्या भाषेत देऊ द्यावे. बहुतेक शिक्षक हे मान्य करतात. वर्गातली अर्धी मुले याच वाटेने आलेली असतात.

आम्हा दोघांनाही इंग्रजी नीट येत नाही. आम्ही मदत कशी करणार?

रोज रात्री दहा मिनिटे मुलाला ‘आज वर्गात काय झाले ते मला शिकव’ म्हणा, घरच्या भाषेत. जिथे तो अडखळतो, तिथे त्याला समजलेले नसते, हे ओळखायला इंग्रजी लागत नाही. वहीतल्या लाल खुणा पाहा आणि त्या दुरुस्त झाल्या आहेत का एवढे विचारा. अभ्यासाची वेळ ठरलेली असावी आणि त्या वेळेत घरातला टीव्ही बंद. खोटी इंग्रजी तपासणी करण्यापेक्षा ‘मला येत नाही, तू सांग’ हे जास्त चांगले.

कौतुक करावे की नाही? केले तर डोक्यात जाते, नाही केले तर रुसतो.

करावे, पण माणसाचे नव्हे, कामाचे. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना कोडी सोडवल्यावर काहींना ‘हुशार आहेस’ म्हटले, काहींना ‘मेहनत घेतलीस’. पुढे मुद्दाम कठीण कोडी दिल्यावर ‘हुशार’वाल्या मुलांनी लवकर हात टेकले, त्यांना मजाही कमी आली. ज्याला हुशार म्हटले त्याच्यासाठी प्रत्येक कठीण प्रश्न हा हुशारी उघडी पडण्याचा धोका असतो.

‘मेहनत घेतलीस’ हेही आंधळेपणाने म्हणू नये. तीन तास बसून शून्य निष्पन्न झालेल्या मुलाला मेहनतीची शाबासकी दिली तर तो तीच चुकीची पद्धत चालू ठेवतो. काय केले ते नेमके सांगा: ‘या वेळी एकके लिहिलीस, म्हणून दोन गुण वाचले.’ ‘आकृती आधी काढलीस, मग उत्तर लिहिलेस.’

आणि आत्मसन्मान कमी असलेल्या मुलासाठी कौतुक वाढवून करू नका. एडी ब्रुमेलमन यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की मोठी माणसे नेमक्या अशाच मुलांची अतिशयोक्त स्तुती करतात आणि त्या स्तुतीनंतर ही मुले आव्हान टाळतात. ‘अप्रतिम!’ ऐकले की पुढच्या वेळीही अप्रतिमच करावे लागणार, हे ओझे येते.

दहावीत ९० टक्के मिळाले तर स्कूटर, असे सांगितले आहे. चूक आहे का?

चूक म्हणण्यापेक्षा निरुपयोगी. बक्षीस दहा महिने दूर आहे, ९० टक्के हे पूर्णपणे मुलाच्या हातात नाही, आणि आज संध्याकाळी काय करायचे हे त्यातून कळत नाही. वर सोळाव्या वर्षी स्कूटर देणे हा परवान्याचा आणि हेल्मेटचाही प्रश्न आहे, ते वेगळेच.

रोलंड फ्रायर यांनी अमेरिकी शहरांतल्या शाळांत हे पैसे देऊन करून पाहिले आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. न्यूयॉर्कमध्ये चाचणीच्या गुणांसाठी पैसे दिले, फरक पडला नाही. डॅलसमध्ये दुसरीच्या मुलांना वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे दोन डॉलर दिले (पुस्तकावर छोटी प्रश्नमंजुषा सोडवावी लागे), तिथे वाचन सुधारले. गुण कसे मिळवायचे हे मुलाला ठाऊक नसेल तर गुणांना लावलेली किंमत हवेत राहते. पुस्तक वाचणे मात्र त्याच्या हातातले असते.

म्हणून बक्षीस द्यायचेच तर कृतीला द्या, लहान द्या आणि लवकर द्या. आठवड्यात पाच बैठका पूर्ण झाल्या तर रविवारी फुटबॉलला एक तास जादा. मूल आपणहून आवडीने जे करते त्याला मात्र बक्षीस लावू नका. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात चित्रे काढायला आवडणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना आधी सांगून बक्षीस दिले, तर नंतर ती मुले मोकळ्या वेळात कमी चित्रे काढू लागली.

दिवाळीतल्या नरकासुराचा पुतळा करायला आठ रात्री जागतो, अभ्यासाला अर्धा तास बसत नाही. हा आळस नाही तर काय?

ज्याला बांबू बांधायला, गवत भरायला, रद्दी कागद चिकटवायला आणि मुखवटा रंगवायला पहाटेचे तीन वाजतात, तो आळशी नाही. प्रश्न असा विचारा: तिथे काय आहे जे अभ्यासाच्या टेबलावर नाही?

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीत माणसाची आतली ओढ तीन गोष्टींवर पोसते: स्वतः ठरवण्याची मोकळीक, जमते आहे याचा अनुभव, आणि आपल्या माणसांशी जोडलेले असणे. नरकासुराच्या मांडवात तिन्ही आहेत. उंची किती, डोळे कसे फिरवायचे हे पोरे स्वतः ठरवतात. रात्री जेवढे काम झाले ते डोळ्यांना दिसते. आणि वाड्यावरची सगळी मंडळी सोबत असते. अभ्यासात धडा दुसऱ्याने ठरवलेला, प्रगती तीन महिन्यांनी कागदावर दिसणार, आणि बसायचे एकट्याने, दार लावून.

तिन्ही थोड्या प्रमाणात अभ्यासात आणता येतात. विषय आज कुठला आधी, हे त्याला ठरवू द्या; किती वेळ, हे मात्र तुम्ही ठरवा. झालेले काम दिसेल असे करा, भिंतीवरच्या कागदावर धड्यांची नावे आणि सुटलेल्या प्रश्नांची संख्या. आठवड्यातून दोन संध्याकाळी दोघा-तिघांनी एकत्र बसावे, पण वाचायला नव्हे, एकमेकांना प्रश्न विचारायला. चारपेक्षा जास्त जमले की गप्पा सुरू होतात.

चवथ, दिवाळी, जत्रेतले नाटक, शिगमो यांच्या तालमी बंद करून गुण वाढवायचा प्रयत्न सहसा फसतो. ज्या एका ठिकाणी मुलाला ‘मला जमते’ वाटते तेच काढून घेतले जाते. तारखा आधीच माहीत असतात. त्या आठवड्यांत रोजचा अभ्यास २५ मिनिटांवर आणा, शून्यावर नको.

‘मूडच येत नाही’ याला काय करायचे?

मूडची वाट पाहू नये. बहुतेक वेळा काम सुरू झाल्यावर मन लागते, आधी नव्हे. पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून आलेली साधी युक्ती अशी की निश्चय ‘जर-तर’ च्या रूपात लिहायचा: ‘संध्याकाळी सातला चहा झाला की मी टेबलाशी बसून विज्ञानाची वही उघडून पहिला प्रश्न लिहीन.’ वेळ, जागा आणि पहिली हालचाल तिन्ही हवीत. ‘उद्यापासून रोज अभ्यास करणार’ यात तिन्ही नाहीत. मोबाइल दुसऱ्या खोलीत. शेजारी उलटा ठेवलेला चालत नाही.

मुलगा परीक्षेच्या आदल्या रात्री मुद्दाम खेळतो आणि मग म्हणतो, ‘अभ्यासच केला नव्हता.’

ही ढाल आहे. बर्ग्लास आणि जोन्स यांनी १९७८ मध्ये या वागण्याचा अभ्यास केला: अपयश येणारच अशी भीती असली की माणूस स्वतःच अडथळा उभा करतो, म्हणजे दोष अडथळ्याला जातो, बुद्धीला नाही. अभ्यास करून नापास होणे त्याला जास्त लाजिरवाणे वाटते. अशा मुलाला ‘तू हुशार आहेस, फक्त अभ्यास करत नाहीस’ म्हणणे म्हणजे त्याची ढाल आणखी घट्ट करून देणे. गोव्यातल्या पालकसभांत हे वाक्य दर वर्षी ऐकू येते आणि दर वर्षी ते नुकसान करते.

त्याऐवजी पणाला लावायचे लहान करा. गुणांची नोंद न होणाऱ्या, घरच्या, दहा प्रश्नांच्या चाचण्या आठवड्याला दोन. चूक झाली तरी काही बिघडत नाही हे त्याला पंधरा-वीस वेळा अनुभवावे लागते. चुलतभावाशी, शेजारच्या मुलीशी तुलना या काळात पूर्ण बंद.

दहावीला शाळेत पहिली होती. अकरावी विज्ञानाला शहरातल्या हायर सेकंडरीत गेली आणि आता ‘मला काहीच येत नाही’ म्हणते.

वाळपई, सांगे किंवा काणकोणच्या शाळेतून म्हापसा, पणजी, मडगावला गेलेल्या मुलांत हे हमखास दिसते. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून दाखवून दिले आहे की तितक्याच कुवतीचे मूल जास्त हुशार मुलांच्या वर्गात बसवले तर त्याचे स्वतःबद्दलचे शैक्षणिक मत खाली येते. ज्ञान तेवढेच असते, मोजपट्टी बदललेली असते. त्यात अकरावीचा अभ्यासक्रम दहावीपेक्षा खरोखरच बराच जड, आणि शेजारचा विद्यार्थी वर्षभर आधीपासून ‘नीट’ किंवा ‘जेईई’ या प्रवेश परीक्षांच्या क्लासला जाणारा.

पहिल्या युनिट टेस्टचे गुण वर्गातल्या इतरांशी ताडू नका, दुसऱ्या टेस्टशी ताडा. भौतिकशास्त्र अडले असेल तर आधी पाहा की अडले ते भौतिकशास्त्र आहे की त्यातली त्रिकोणमिती आणि लॉगरिदम. बहुधा दुसरेच निघते आणि ते तीन आठवड्यांचे काम असते. शाखा बदलायचा निर्णय पहिल्या दोन महिन्यांत घेऊ नका. पण पहिले सत्र संपेपर्यंत कुठल्याच विषयात चढ दिसत नसेल आणि मुलीला तो विषय मुळात नकोच असेल, तर वाणिज्य किंवा कला म्हणजे हार असे घरात बोलू नका.

गुण उत्तम आहेत, तरी दोन गुण गेले की रडते. आत्मसन्मान कमी की जास्त?

तो गुणांवर टांगलेला आहे. अशा मुलांची कामगिरी काही वर्षे चांगली दिसते, म्हणून कुणाचे लक्ष जात नाही. जेवताना पहिला प्रश्न ‘किती मिळाले?’ असा असेल तर तो बदला. निकाल कसाही असो, त्या दिवशीचे तुमचे वागणे सारखेच राहिले पाहिजे. ९५ ला पेढे आणि ८१ ला अबोला, हे मुले अचूक वाचतात. तिला मुद्दाम एखादी अशी गोष्ट करू द्या जिच्यात ती कच्ची आहे आणि कुणी गुण देत नाही.

घरी सगळे येते, पेपर समोर आला की डोके रिकामे होते.

दोन वेगळी कारणे असू शकतात, आधी ती वेगळी करा.

पहिले: घरी ‘येते’ ते पुस्तक समोर असताना. रोएडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने चित्र उलटले: वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, आठवून लिहिणाऱ्यांना ५६. पुन्हा वाचण्याने विश्वास वाढतो, आठवण नाही. म्हणून धडा वाचला की पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर मुद्दे लिहायचे, मग पडताळायचे. तेच पुन्हा तिसऱ्या आणि सातव्या दिवशी.

दुसरे: खरी परीक्षेची भीती. रॅमिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवले की पेपरच्या थोडे आधी दहा मिनिटे मनातली भीती कागदावर लिहून काढली तर घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारते. केंद्रावर निघण्याआधी घरी हे करता येते. तो कागद कुणी वाचायचा नाही. पेपर हातात आल्यावर पहिला प्रश्न आपण निवडलेला, नक्की येणारा असावा. वेळ लावून पूर्ण पेपर आधी निदान तीनदा सोडवलेला असेल तर धडधड ओळखीची होते.

शाळेत ‘बुद्धी वाढवता येते’ असे एक व्याख्यान झाले. त्याने फरक पडेल?

थोडा, आणि तोही सगळ्यांना नाही. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१९ मध्ये छापलेल्या मोठ्या प्रयोगात तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने मागे पडलेल्या मुलांची सरासरी ग्रेड ४ पैकी ०.१ ने वाढली. फुकटच्या तासाला हे वाईट नाही. पण व्याख्यान ऐकून आलेल्या मुलाला अपूर्णांक कुणी शिकवलेच नाहीत, तर दोन आठवड्यांत सगळे ओसरते.

नेटवरची दहा प्रश्नांची आत्मसन्मान चाचणी करून घ्यावी का?

ती बहुधा मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ ची मोजपट्टी असते. दहा विधाने, प्रत्येकाला चार पर्याय. संशोधनासाठी उत्तम, पण तिच्यावरून घरी निदान करू नये, आणि आकडा मुलाला सांगून तर मुळीच नये.

ट्यूशन बदलली तर ओढ वाढेल का?

चाळीस मुलांच्या ट्यूशनमधून दुसऱ्या चाळीस मुलांच्या ट्यूशनमध्ये गेल्याने फारसे काही होत नाही. विचारायचे ते एवढेच: तिथे मूल स्वतः किती उदाहरणे सोडवते आणि त्याची चूक त्याच दिवशी कुणी दाखवते का? फळ्यावरून उतरवून आणत असेल तर तो वेळ घरी वाचवा.

हे अभ्यासापलीकडचे आहे, असे केव्हा समजावे?

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, भूक बिघडलेली असेल, आवडत्या गोष्टीही सोडल्या असतील, शाळेत जायच्या वेळी रोज पोटदुखी होत असेल, तर अभ्यासाचे वेळापत्रक बाजूला ठेवा. ‘मी नसतो तर बरे’ अशा अर्थाचे बोलणे एकदा जरी कानावर आले तरी त्याच दिवशी हालचाल करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास चालू असतो, मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. बांबोळीला आयपीएचबी या सरकारी मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. शाळेचे समुपदेशक अनेकदा एकाहून अधिक शाळा पाहतात, म्हणून ते कुठल्या वारी येतात हे आधी विचारून घ्या.

वाचताना ओळी गळतात, अक्षरे उलटसुलट होतात, तोंडी येते पण लिहिताच येत नाही, असे प्राथमिकपासून चालत आले असेल तर आधी डोळे आणि कान तपासा, मग अध्ययन-अक्षमतेची चाचणी करून घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे आणि प्रमाणपत्र असल्यास परीक्षेत वाढीव वेळासारख्या सवलती मिळू शकतात. अर्ज शाळेमार्फत करायचा असतो. दहावीच्या जानेवारीत धावपळ करण्यापेक्षा हे आठवी-नववीतच उरका.

किती दिवसांत फरक दिसावा?

सोडून दिलेल्या प्रश्नांची संख्या दोन-तीन आठवड्यांत कमी व्हायला लागते. सर्वांत आधी हलणारा आकडा तोच, म्हणून तोच मोजा. त्यानंतर ‘पद्धत माहीत, मध्ये चूक’ या खुणा घटतात. युनिट टेस्टचे गुण साधारण एका सत्राने सरकतात, आणि ‘मी गणितात कच्ची आहे’ हे वाक्य त्याच्याही नंतर सुटते. गुण वाढूनही मूल हे म्हणत राहिले तर वाद घालू नका. तारखा घातलेले शनिवारचे कागद काढून समोर ठेवा आणि पुढच्या शनिवारची सहा उदाहरणे तिलाच निवडायला सांगा.